लेपल लपवायचा कशात? रायकोट, बबलबी, अर्सा आणि कोपऱ्यावरचं मेडिकल

कपड्याआड लेपल, म्हणजे छातीशी लावायचा छोटा माइक, लपवायचा म्हटलं की चार दुकानांची नावं निघतात. इंग्लंडमधल्या स्ट्राउडची रायकोट, डेन्मार्कची बबलबी, ब्रिटनचीच अर्सा आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचं मेडिकल. पहिल्या तिघांचा माल देखण्या पाकिटात येतो, चौथ्याचा कागदी पुडीत. निकाल आधीच सांगून टाकतो: कन्सीलर (माइक बसवायचं छोटं घर) बबलबीचा घ्यावा, ट्रान्समीटर (माइकचा आवाज बिनतारी पाठवणारी डबी) अंगाला बांधायचा पट्टा अर्साचा किंवा त्या धर्तीवर शिंप्याकडून शिवलेला, चिकटपट्टी मेडिकलची, आणि रायकोटचं एक पाकीट अडीनडीला बॅगेत. चारही वस्तू एकाच दुकानातून घेणारा पैसे जास्त घालवतो आणि खरखर तरी उरतेच.

खरखर उरते, कारण ती तीन जातींची असते. या सगळ्या वस्तू मिळून त्यातल्या दोनच जाती मारतात. पहिली, कापड थेट माइकच्या डोक्यावर घासतं ती. ही जाड, जवळची, कानात बोट फिरवल्यासारखी येते. दुसरी वायरमधून चढते. वायर कुठेतरी ताणलेली असते, कमरेशी कुणी हललं की धक्का वायरीतून थेट कॅप्सूलपर्यंत, म्हणजे माइकच्या आवाज टिपणाऱ्या भागापर्यंत, जातो आणि ‘ढब’ असा आवाज येतो. तिसरी म्हणजे कापडावर कापड घासल्याची सळसळ. इथे माइक निर्दोष आहे. रेशीम, नायलॉन, कडक खळीचा सुती कुर्ता, हे मुळात आवाज करतात आणि माइक तो इमानदारीने टिपतो. या तिसऱ्या जातीवर कुठल्याही कंपनीची वस्तू चालत नाही, आणि पाकिटावर हे कुणी छापत नाही.

कुठली जात आहे ते ओळखायला अर्धा मिनिट लागतो. हेडफोनवर तो एकच ट्रॅक सोलो करा, म्हणजे बाकीचे बंद करून ऐका. आर्टिस्टला सीनमधली खरी हालचाल करायला सांगा: बसणं, मान वळवणं, पदर सावरणं, हात उंच करणं. नुसतं ‘हॅलो, वन टू थ्री’ काही सांगत नाही. खरखर आली की माइकच्या जागेवर कापडावरून बोटाने हलकं दाबून धरा (आधी विचारून, आणि शक्यतो ड्रेसवाल्या ताईंच्या किंवा दादांच्या हाताने). दाबल्यावर आवाज थांबला तर पहिली जात. कमरेजवळची वायर हलवल्यावर आला तर दुसरी. दोन्हीने फरक पडला नाही तर ती कापडाची सळसळ. मग माइक काढून पुन्हा पुन्हा चिकटवत बसू नये, कपड्याकडे वळावं.

आता एकेक वस्तू.

रायकोटच्या अंडरकव्हर्सचं तीसचं पाकीट जगभर सगळ्यात ओळखीचं. त्यात दोन गोष्टी: दुतर्फा चिकटणारी ‘स्टिकी’ आणि मऊ कापडाची गोल टिकली. काळी, पांढरी, करडी अशा रंगांत मिळते. स्टिकी कापडाच्या आतल्या बाजूला किंवा त्वचेवर लावायची, तिच्यावर माइक ठेवायचा, वरून टिकली दाबायची. हिशेब सरळ आहे: एका बाजूने माइक घट्ट धरलेला आणि दुसऱ्या बाजूने मऊ गादीआड. वरचं कापड टिकलीवरून सरकत राहतं, माइकला मात्र शिवत नाही. म्हणून ही वस्तू सैल कपड्यांत उत्तम. ढगळ टी-शर्ट, सैल कुर्ता, ओढणी, नाइट गाऊन, म्हणजे जिथे दोन थर एकमेकांना बांधता येत नाहीत किंवा बांधले तर कपडा विचित्र ओढला जातो.

दोष दोन. एक, टिकली एकदाच वापरायची. जेवणाच्या सुट्टीत माइक काढला, कपडा बदलला, घाम पुसला, की प्रत्येक वेळी नवी जोडी लागते. चार आर्टिस्ट, दिवसाला तीन बदल, म्हणजे बारा जोड्या. तीसचं पाकीट तिसऱ्या दिवशी संपतं. आपल्याकडे ते आयात होऊन येतं, तेव्हा मालिकेच्या शूटिंगला हा खर्च परवडणारा नाही. दोन, घट्ट कपड्यात टिकली माइकवर आवळली जाते. मग गादी आणि माइकची जाळी यांत हवा उरत नाही, आवाज बोथट होतो आणि श्वासागणिक कापड दाबतं-सोडतं ते ऐकू येतं. घट्ट ब्लाउजमध्ये अंडरकव्हर लावून ‘आवाज मेला’ अशी तक्रार करणारे बरेच असतात. त्यात टिकलीची चूक नाही, जागा चुकलेली असते.

बबलबीचा लॅव्ह कन्सीलर याच्या उलट विचारावर उभा आहे. तो म्हणतो, काहीच सरकू देऊ नका. मऊ, रबरासारखं छोटं घर. त्यात माइक बसतो, डोक्याभोवती थोडी मोकळी जागा राहते, त्यामुळे कापड कितीही दाबलं तरी जाळीला लागत नाही. पुढची आणि मागची बाजू सपाट. दोन्हीकडे दुतर्फा टेप लावायची, एक बाजू आतल्या थराला, दुसरी वरच्या थराला. दोन थर आणि मधला माइक, तिघं एकजीव हलतात. घासायला काही उरतच नाही. हुकपट्टी, गुंडीपट्टी, टायची गाठ, बंडीची कड, अस्तर आणि कापड यांच्या मधली फट, इथे याला तोड नाही.

खरेदीत चूक होते ती मापाची. कन्सीलर माइकच्या मॉडेलप्रमाणे मिळतो. सँकेन कॉस-११डी ४ मिमी जाड, डीपीए ६०६० फक्त ३ मिमी, काउंट्रीमन बी६ तर २.५ मिमी. मोठ्या घरात बारीक माइक घातला की तो आत डुगडुगतो आणि पहिल्या जातीची खरखर आतच तयार होते. छोट्या घरात जाड माइक कोंबला तर घर फाटतं. शिवाय माइकचं तोंड कुठे आहे ते आधी बघा. बहुतेक लेपलचं तोंड टोकाला असतं, ट्रॅम टीआर-५० सारख्या चपट्या माइकचं पुढच्या अंगाला. भाड्याने माइक घेणाऱ्यांनी भाड्याच्या दुकानात कुठलं मॉडेल हमखास मिळतं ते विचारूनच कन्सीलर विकत घ्यावा. एक कन्सीलर नीट वापरला तर कित्येक प्रोजेक्ट टिकतो. वापरून झाल्यावर जुनी टेप खरवडून काढायची नाही, अंगठ्याने गोळी करत सोलायची. त्याच्या मापाची कापलेली टेप वेगळी विकत मिळते. ती घ्यायची अजिबात गरज नाही, आणि इथे मेडिकल मैदानात येतं.

मेडिकलमध्ये तीन पट्ट्या मागायच्या. मायक्रोपोर, ट्रान्सपोर आणि जुनी कापडी चिकटपट्टी, जिला सगळे ल्युकोप्लास्टच म्हणतात. एक इंच रुंदीची घ्यावी. मायक्रोपोर कागदी, त्वचेला सौम्य, काढताना त्रास नाही. पण घाम आला की सुटते. ती वायर त्वचेला धरून ठेवायला, माइक धरायला नव्हे. ट्रान्सपोर पारदर्शक, छिद्रांची, कात्रीशिवाय आडवी-उभी सरळ फाटते आणि दमट हवेत जास्त तग धरते. प्लॅस्टिकची असल्याने कोरडं कापड वरून घासलं की किंचित कुरकुरते, म्हणून ती नेहमी कापडाच्या वळचणीला लावावी, घासणीच्या वाटेत नको. कापडी पट्टी तिघींत चिवट. पण तिचा डिंक त्वचेवर पुरळ आणतो आणि कपड्यावर काळपट रेघ सोडतो. ती फक्त कपड्याच्या आतल्या बाजूला, अस्तराला.

या कापडी पट्टीतून फुकटातला कन्सीलर तयार होतो, आणि तो प्रत्येक साउंडवाल्याला आलाच पाहिजे. साधारण १० सेंमीची पट्टी घ्या, चिकट बाजू बाहेर ठेवून समोशाच्या पट्टीसारखी तिरकी दुमडत जा. शेवटी सगळ्या अंगांनी चिकट असा घट्ट त्रिकोण उरतो. असे दोन त्रिकोण करा. दोघांच्या मध्ये माइक ठेवा, डोकं त्रिकोणाच्या टोकाच्या किंचित बाहेर, २ मिमी पुरे. डिंक जाळीला लागता कामा नये. जाळीत गेलेला डिंक निघत नाही, आणि स्पिरिटने पुसायला गेलं की पातळ होऊन आणखी आत उतरतो. मग हा सँडविच कापडाच्या दोन थरांमध्ये दाबायचा. काम तेच, जे कन्सीलर करतो. फरक एवढाच की त्रिकोण डोक्याभोवती हवेची पोकळी ठेवत नाही, त्यामुळे फार घट्ट कपड्यात डोक्यावर कापड टेकतं. पट्टी तीन वेळा दुमडली तर त्रिकोण जाड होतो आणि हा प्रश्न थोडा सुटतो, पण मग उंचवटा कॅमेऱ्याला दिसतो. डीओपीने (कॅमेऱ्याचा प्रमुख) क्लोजअपची लेन्स लावली की कळेलच.

त्वचेवर किंवा नाजूक कापडावर धरायचं असेल तर मेडिकलऐवजी हेअर पॅचच्या दुकानात जावं. टोप आणि पॅच चिकटवायची जी दुतर्फा निळी ‘लेस फ्रंट’ टेप मिळते, ती घामातही धरते, पातळ असते, पारदर्शक होते. परदेशात साउंडवाले याच कामाला टॉपस्टिक वापरतात. तिचे १ इंच बाय ३ इंचाचे ५० तुकडे एका डबीत येतात. मूळ माल तोच, टक्कल झाकायचा. कन्सीलरच्या दोन बाजूंना हिचे नखाएवढे दोन तुकडे पुरतात.

चिकटवण्याआधी त्वचा पुसणं बहुतेक जण विसरतात. बॉडी मेकअप, पावडर, मॉइश्चरायझर यांच्यावर जगातली कुठलीच टेप धरत नाही. इंजेक्शनआधी लावतात तो स्पिरिटचा बोळा मेडिकलमध्ये सुट्या पाकिटात मिळतो. पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा आणि तळव्याच्या उबेने दहा सेकंद दाबून धरा. डिंक उबेने बसतो. जूनमध्ये कोकणात किंवा चित्रनगरीत उघड्यावर शूटिंग असेल तर प्रत्येक जेवणाच्या सुट्टीनंतर टेप बदलायची, ती सुटायची वाट बघायची नाही.

अर्साचे पट्टे हा वेगळाच विषय. ट्रान्समीटर कमरेला, मांडीला, घोट्याला किंवा छातीला बांधायचे पातळ, ताणले जाणारे, हवा खेळणारे पट्टे. त्यांची किंमत बघून हात आखडतो, पण या यादीत पूर्ण पैसे वसूल करणारी वस्तू हीच. ट्रान्समीटर धोतराच्या गाठीत किंवा जीनच्या खिशात ठेवला की तो हलतो, वायर ओढतो आणि दुसऱ्या जातीची खरखर वर पाठवतो. पट्ट्यात तो अंगाला चिकटून राहतो. पट्टा किती आवळायचा? खाली दोन बोटं सहज जावीत. मांडीचा पट्टा चालताना खाली घसरत असेल तर तो सैल नसून बहुधा चुकीच्या मापाचा असतो. आवळू नका, माप बदला. अँटेना सरळ ठेवा, गुंडाळून पट्ट्यात कोंबू नका, आणि लेपलची वायर तिच्यावरून नेऊ नका. ओल्या त्वचेला टेकलेल्या अँटेनाची रेंज घटते, त्यामुळे मध्ये एखादा थर असू द्या.

बजेट नसेल तर शिंप्याकडून करून घ्या: दोन ते अडीच इंची मऊ इलॅस्टिक, सुती अस्तराचा ट्रान्समीटरच्या मापाचा खिसा, टोकांना वेल्क्रो. वेल्क्रोची चिकट बाजू पूर्ण झाकली जाईल इतका समोरचा पट्टा लांब ठेवायला सांगा, नाहीतर तिचे काटे साडीचे धागे ओढतात आणि प्रत्येक हालचालीला चरचरतात. क्रेप बँडेजही चालतं, फक्त दुपारनंतर सैल पडतं.

आता खरी परीक्षा, म्हणजे आपले कपडे. परदेशी व्हिडिओंमध्ये शर्ट, टाय, हुडी एवढंच असतं. पैठणीवर कुणी बोलत नाही.

पैठणीचा पदर म्हणजे तिसऱ्या जातीची खाण. जर ताठ, रेशीम गुळगुळीत, आणि पदर खांद्यावरून पुढे येऊन बरोबर उरोस्थीवर, म्हणजे माइकच्या जागेवरच घासतो. माइक पदराला कधीच लावू नये. ब्लाउजच्या हुकपट्टीच्या वरच्या टोकाला, कापड आणि अस्तर यांच्या मध्ये, कन्सीलरमध्ये. मग पदराची घासण थांबवायची. माइकच्या खाली साधारण चार बोटांवर आणि दोन्ही बाजूंना एकेक, असे लेस टेपचे तीन नखाएवढे तुकडे लावून पदर ब्लाउजला धरा. तेवढा भाग हलत नाही, बाकीचा पदर मोकळा पडतो. हे करण्याआधी ड्रेस डिपार्टमेंटला विचारायचंच, आणि टेप आधी आतल्या कोपऱ्यावर लावून बघायची. रेशमावर डिंकाचा डाग राहिला तर त्याचं बिल साउंडच्या नावाने येतं. स्पिरिट रेशमावर बिलकूल नको.

नऊवारीत खरा प्रश्न ट्रान्समीटरचा. काष्टा मागे खोचलेला, पाय घट्ट गुंडाळलेले, म्हणजे मांडीचा पट्टा बाहेरून दिसतो आणि कमरेच्या मध्यावर काष्ट्याचा उंचवटा आधीच आहे. डाव्या बाजूला मागे, जिथे पदर खाली पडतो, तिथे कमरेच्या पट्ट्यात ट्रान्समीटर सहज लपतो. डोक्यावरून पदर असेल तर पाठीवर, खांद्यांच्या मध्येही चालतो. जमिनीवर बसायचा सीन असेल तर ती जागा उत्तमच, कारण कमरेचा ट्रान्समीटर बसताना अंगात रुततो.

दागिन्यांचं वेगळं. मंगळसूत्राच्या वाट्या आणि मणी माइकवर टकटक करतात. यावर माइक सरकवण्यापेक्षा वाट्यांच्या मागे लेस टेपचा बारीक तुकडा लावून त्या ब्लाउजला धराव्यात. ठुशी गळ्याला घट्ट असते, तिचा त्रास नसतो. बांगड्यांवर उपाय नाही. दोन बांगड्यांच्या मध्ये पारदर्शक रबर घालून किणकिण थोडी कमी होते, पण वाढप्याच्या सीनमध्ये ती ऐकू येणारच. तेव्हा बूमवर, म्हणजे काठीला लावून वरून धरलेल्या माइकवर, भिस्त ठेवावी.

खळीचा कुर्ता, धोतर, उपरणं यांचा आवाज कपडे धुणाऱ्याकडेच थांबतो. सीनच्या आधी ड्रेसदादांना सांगून ठेवावं: खळ नको, शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर. दिसायला कडकपणा हवा असेल तर फक्त बाहीला आणि कॉलरला ठेवा, छातीचा भाग मऊ. सिंथेटिक कापडाच्या चिटचिटीवर अँटिस्टॅटिक फवारा थोडा कामाला येतो, पण माइक लावण्याआधी मारायचा, नंतर नाही.

आणि ज्या जागेकडे फार लोक बघत नाहीत ती: टोपी, फेटा, मुंडासं. गांधी टोपीच्या पुढच्या कडेला आतून किंवा फेट्याच्या पहिल्या घडीत कपाळावर माइक लावला की कपड्याची खरखर जवळजवळ संपते. छातीवरच्या माइकला एक ठरलेला दोष असतो: ३ ते ४ किलोहर्ट्झचा भाग, म्हणजे व्यंजनं स्पष्ट करणारा भाग, हनुवटीच्या सावलीत हरवतो आणि ७००–८०० हर्ट्झच्या आसपास छातीचा घुमारा चढतो. कपाळावरचा माइक या दोन्हीतून बराच सुटतो. मान कुठेही वळली तरी तोंडापासूनचं अंतर तेच राहतं. अट एकच, पात्राने सीनमध्ये टोपी काढायची नसावी. वायर मागून मानेवर आणताना कानामागे मायक्रोपोरने धरा, आणि वायरीचा रंग केसांशी जुळवा.

जागा कोणतीही असो, कन्सीलर कोणताही असो, एक गोष्ट चुकली की सगळं वाया जातं: माइकच्या खाली वायरीचा छोटा फास. रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल कडी करा, तिच्यावर ट्रान्सपोरचा तुकडा. आणि तिथून चार-पाच बोटं खाली वायर पुन्हा एकदा धरा, मधली वायर थोडी सैल ठेवून. खालचा धक्का त्या कडीत मरतो. घाम वायरीवरून वाहत माइकमध्ये शिरतो, तोही कडीच्या तळाशी थांबतो. बहुतेक लेपल ओम्नी, म्हणजे सगळ्या दिशांनी सारखं ऐकणारे, असतात, त्यामुळे तो उलटा, तोंड खाली करून लावला तरी आवाजात फारसा फरक पडत नाही. नाकातला श्वास मात्र चुकतो. घामाने माइक बसला, आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा झाला, तर हेअर ड्रायर मारू नका. सिलिका जेलच्या डबीत रात्रभर ठेवा आणि दुसरा वापरा.

वाऱ्यासाठी रायकोटचे ओव्हरकव्हर्स, म्हणजे केसाळ टिकल्या, किंवा बबलबीचे विंडबबल. दोन्ही चांगले, दोन्ही कपड्याच्या वर दिसतात, म्हणून लाँग शॉटलाच. कपड्याआड वारा तसाही कमी लागतो. पातळ मलमलीत मात्र विंडबबल आत घालून वर सैल कापड ठेवलेलं चालतं.

काढताना घाई करू नये. टेपच्या कडेला कापसाने खोबरेल तेल लावा, मिनिटभर थांबा, मग केसांच्या दिशेने सोला. छातीवर दाट केस असतील तर टेप लावायचीच नाही, अर्साचा छातीचा पट्टा बांधायचा. तेलाचा हात माइकला लागू देऊ नका. वायरीवरचा डिंक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, आठच्या आकड्यात गुंडाळून, कन्सीलरमधून माइक बाहेर काढून मगच डबीत ठेवा. कन्सीलरमध्ये तसाच राहिलेला ओला माइक दुसऱ्या दिवशी पहिल्याच शॉटला दगा देतो.